अरण्योपचार : सुरक्षितता, संमती आणि साक्ष

१

अमेरिकेत गेल्या अर्धशतकात ‘वाइल्डरनेस थेरपी’ या नावाची एक उपचारपद्धती रूढ झाली आहे. ज्याचे वर्तन पालकांना असह्य झाले आहे अशा किशोरवयीन मुलाला घरापासून दूर, निर्जन वाळवंटात, डोंगरांत किंवा रानात काही आठवडे ठेवावयाचे. चालणे, ओझे वाहणे, विस्तव पेटवणे, स्वतःचे अन्न शिजवणे अशा कष्टांतून त्याला न्यावयाचे. आणि या कष्टांना समूहचर्चेची व मानसोपचाराची जोड द्यावयाची, असे तिचे सामान्य स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीस ‘अरण्योपचार’ असे म्हटले आहे.

ज्यांच्यावर हा उपचार होतो त्या मुलांना तिकडे ‘ट्रबल्ड टीन’ असे म्हणतात. मराठीत या संज्ञेला एकच प्रतिशब्द देता येत नाही, आणि ही अडचण केवळ भाषांतराची नाही. ‘ट्रबल्ड’ म्हणजे शब्दशः त्रासलेला; परंतु व्यवहारात या संज्ञेने ज्याचा निर्देश होतो तो बहुधा त्रास देणारा मुलगा असतो. मराठीत लिहिणाऱ्याला ‘त्रासलेला’ आणि ‘त्रासदायक’ यांतून एकाची निवड करावीच लागते. इंग्रजी संज्ञा ती निवड टाळते. त्रासलेल्या मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्रासदायक मुलाला वळण लावावे लागते. अरण्योपचार आपल्या माहितीपत्रकांत पहिल्या अर्थाने बोलतो आणि रानात पुष्कळदा दुसऱ्या अर्थाने वागतो. या दोन अर्थांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अरण्योपचारात आजवर झालेले मृत्यू व अत्याचार हे चांगल्या पद्धतीच्या वाईट अंमलबजावणीचे परिणाम होत, असे तिचे समर्थक म्हणतात. काही वाईट संस्था होत्या, त्या बंद झाल्या. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण सुधारले, नियम कडक झाले, की प्रश्न सुटला, असा या युक्तिवादाचा आशय असतो. हा युक्तिवाद अपुरा आहे, असे मला दाखवावयाचे आहे. ज्या गोष्टी या पद्धतीत उपचारक म्हणून सांगितल्या जातात, म्हणजे घराशी तुटलेला संपर्क, परतीचा बंद झालेला मार्ग, आणि मुलाच्या तक्रारीला भीक न घालणे, त्याच गोष्टी सुरक्षिततेची साधने नाहीशी करतात. धोका पद्धतीच्या बाहेरून येत नाही. तो तिच्या उपपत्तीत आहे.

२

या पद्धतीची वंशावळ पाहिल्यास तिच्यात दोन भिन्न प्रवाह मिसळलेले दिसतात. पहिला प्रवाह कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञापासून निघतो. नाझी राजवटीत जर्मनी सोडून ब्रिटनमध्ये आलेल्या हान यांनी लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साहाय्याने १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी अनुभवी खलाशांपेक्षा लवकर धीर सोडतात, अशी होल्ट यांची चिंता होती. धैर्य आणि परस्परसाहाय्य यांचे शिक्षण देणे हा शाळेचा हेतू होता. तेथे येणारा मुलगा रोगी मानलेला नव्हता. त्याच्यावर उपचार करावयाचे नव्हते, त्याला शिकवावयाचे होते. हा फरक पुढे पुसट झाला.

साठीच्या दशकात हा विचार अमेरिकेत गेला. मॅसॅच्युसेट्स राज्यात केली आणि बेअर या अभ्यासकांनी गुन्हेगार ठरलेल्या १२० मुलांचे दोन गट केले. एका गटाला आउटवर्ड बाउंडच्या शाळांत पाठवले, दुसऱ्याला नेहमीच्या सुधारगृहाच्या व्यवस्थेत ठेवले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार पहिल्या गटातील मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण कमी आढळले. अरण्योपचाराच्या समर्थनार्थ हा अभ्यास आजही दाखवला जातो. मात्र त्याच्या दोन विशेषांकडे दुर्लक्ष होते. एक, त्यात तुलनेसाठी दुसरा गट होता. दोन, ही मुले न्यायालयीन प्रक्रियेतून आलेली होती. रान हा त्यांच्या बाबतीत तुरुंगाला पर्याय होता, घराला नव्हे. आईवडिलांच्या घरातून उचलून नेलेल्या मुलाच्या बाबतीत तोच निष्कर्ष आपोआप लागू पडत नाही.

दुसरा प्रवाह यूटा राज्यातील आहे. ब्रिगम यंग विद्यापीठात लॅरी डीन ओल्सेन यांनी १९६८ च्या सुमारास अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना वाळवंटात नेऊन आदिम साधनांनी जगावयास शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात जगण्याच्या कौशल्यांइतकेच स्वतःच्या आचरणाचे परीक्षण अभिप्रेत होते. याच परंपरेत तयार झालेल्या स्टीव्ह कार्टिसानो यांनी १९८८ साली ‘चॅलेंजर फाउंडेशन’ काढले, आणि येथे या पद्धतीचे स्वरूप पालटले. ६३ दिवसांचा कार्यक्रम, मोठे शुल्क, दूरचित्रवाणीवरून जाहिरात, लष्करी शिस्त, आणि मुलाला रात्री अंथरुणातून उठवून नेण्याची व्यवस्था, या सर्वांची मिळून एक विक्रेय वस्तू झाली. तिचा ग्राहक मुलगा नव्हता, पालक होता. शिक्षणाकडून उपचाराकडे आणि उपचाराकडून व्यवसायाकडे असा हा प्रवास वीस वर्षांत पूर्ण झाला.

माया सॅलाव्हिट्झ यांनी ‘हेल्प ॲट एनी कॉस्ट’ या २००६ सालच्या ग्रंथात अशा संस्थांतील कठोर प्रेमाच्या कल्पनेचे मूळ ‘सिनॅनॉन’ या १९५८ साली निघालेल्या व्यसनमुक्ती समुदायात दाखवले आहे. समूहासमोर व्यक्तीची निर्भर्त्सना करून तिचा अहंकार मोडला म्हणजे ती सुधारते, ही त्या समुदायाची श्रद्धा होती. सॅलाव्हिट्झ यांचे संशोधन मोलाचे आहे आणि समूहचर्चेतील भाषा कोठून आली हे त्यातून उलगडते. परंतु त्यातून रानाचा उलगडा होत नाही. निर्भर्त्सना चार भिंतींतही करता येते. अरण्योपचाराला रानच का लागते, हा स्वतंत्र प्रश्न उरतो.

३

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी घडलेल्या घटना पाहणे अवश्य आहे. मृत मुलांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत.

१९९० सालच्या मे महिन्यात अशाच एका कार्यक्रमात १५ वर्षांची मुलगी अंगातील पाणी आटून मरण पावली. त्यानंतर जूनमध्ये चॅलेंजरच्या कार्यक्रमात १६ वर्षांची मुलगी यूटाच्या पठारावर उष्माघाताने मेली. कार्टिसानो यांच्यावर खटला झाला आणि १९९२ साली ते निर्दोष सुटले. १९९४ सालच्या मार्चमध्ये यूटामध्येच दुसऱ्या एका संस्थेत १६ वर्षांचा मुलगा जठरव्रण फुटून पोटात झालेल्या संसर्गाने मरण पावला. हा मृत्यू एका क्षणात आला नव्हता. मुलगा कित्येक दिवस पोटदुखीची तक्रार करीत होता, झिजत होता, चालताना कोसळत होता. तो सोंग करतो आहे, असे त्याच्याबरोबरच्या कर्मचाऱ्यांनी ठरवले होते. अपेक्षित काम पुरे केले नाही म्हणून त्याचे अन्न आणि झोपण्याची पिशवी रोखून धरण्यात आली. त्याने रोजनिशी लिहिली होती. तिच्यातील वेदनेच्या नोंदी कोणी वेळेवर वाचल्या असत्या तर त्याचे निदान करण्यास वैद्याचीही गरज भासली नसती. पुढे कर्मचाऱ्यांवर खटले झाले व काहींचा दोष शाबीत झाला. जॉन क्राकावर यांनी १९९५ साली ‘आउटसाइड’ मासिकात लिहिलेल्या दीर्घ लेखामुळे हे प्रकरण सर्वतोमुखी झाले.

२००७ सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या क्षेत्राविषयीचा आपला अहवाल प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे ठेवला. १९९० ते २००४ या काळातील १० मृत्यूंची त्यात तपशीलवार छाननी आहे. अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरे अन्न आणि निष्काळजी कारभार ही कारणे पुन्हा पुन्हा आढळली. केवळ २००५ या एका वर्षात ३३ राज्यांनी निवासी संस्थांतील १,६१९ कर्मचारी अत्याचाराच्या घटनांत गुंतल्याची नोंद केली होती. हा आकडा सर्व प्रकारच्या निवासी संस्थांचा आहे, केवळ अरण्योपचाराचा नव्हे, हे सांगणे न्याय्य होईल. परंतु त्या अहवालातील अधिक महत्त्वाची गोष्ट आकड्यांत नाही. मूल आजारी आहे हे दिसत असताना ते बतावणी करीत आहे अशी समजूत करून घेण्यात आली, ही हकीकत एकाहून अधिक मृत्यूंच्या वृत्तान्तात येते.

हा सर्व जुना इतिहास झाला, असे म्हणता येत नाही. २०२४ सालच्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ‘ट्रेल्स कॅरोलिना’ या संस्थेत आलेला १२ वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री दगावला. एकट्या माणसापुरत्या कापडी कोशात त्याला झोपवण्यात आले होते. तो नकळत बाहेर पडू नये म्हणून कोशाच्या तोंडाशी इशारा देणारी घंटा लावलेली होती. कोशाची आतील जाळी फाटलेली असल्याने बाहेरचा, पावसाला अडवणारा पडदा लावून घेतलेला होता. श्वास कोंडून मृत्यू, असा शवचिकित्सेचा निष्कर्ष होता, आणि वैद्यकीय तपासनीसांनी त्याची नोंद दुसऱ्याच्या कृतीमुळे घडलेला मृत्यू अशी केली. मे महिन्यात राज्याने संस्थेचा परवाना रद्द केला. येथे उपासमार नव्हती, उन्हातली पायपीट नव्हती. मुलाला पळू न देण्यासाठी योजलेली व्यवस्थाच त्याच्या मृत्यूचे साधन झाली.

या घटनांत ३४ वर्षांचे अंतर आहे. संस्था वेगळ्या, प्रदेश वेगळे, मृत्यूची शारीरिक कारणे वेगळी. समान असलेली गोष्ट अशी, की मुलाच्या जवळ असलेल्या माणसांपैकी कोणालाही त्याचे म्हणणे खरे मानण्याचे किंवा त्याला मोकळे सोडण्याचे काम सोपवलेले नव्हते.

४

आता रानच का, या प्रश्नाकडे वळू. या पद्धतीचे पुरस्कर्ते त्याचे उत्तर ‘नैसर्गिक परिणाम’ या तत्त्वाने देतात. मुलगा आईबापांशी वाद घालतो, शिक्षकाला फसवतो; परंतु निसर्गाशी वाद घालता येत नाही. ज्याने विस्तव पेटवला नाही त्याला गार अन्न खावे लागते. ज्याने तंबू नीट उभारला नाही तो भिजतो. शिक्षा कोणी देत नाही, ती घडते. म्हणून तिच्याविषयी राग न येता तिच्यातून शहाणपण येते.

हे तत्त्व जुने आणि प्रतिष्ठित आहे. रूसोने १७६२ सालच्या ‘एमिल’ मध्ये ते मांडले, आणि हर्बर्ट स्पेन्सरने १८६१ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात त्याला नीतिशिक्षणाचा पाया केले. स्पेन्सरचा प्रभाव आगरकरांच्या पिढीवर किती होता हे मराठी वाचकांस सांगावयास नको. मात्र या दोघांचे लेखन बारकाईने वाचले असता अरण्योपचाराला त्यांचा आधार घेता येत नाही, असे दिसून येते.

रूसोचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलाने आपल्या खोलीच्या खिडकीच्या काचा फोडल्या, तर त्याला वारा लागू द्यावा, असे तो सांगतो. इथवर परिणाम नैसर्गिक आहे. पण मुलगा पुन्हा काचा फोडू लागला, तर त्याला खिडकी नसलेल्या अंधाऱ्या जागी कोंडावे, असेही तो पुढे सांगतो. वारा निसर्गाचा आहे. अंधारी खोली माणसाची आहे. रूसो एका पायरीवरून दुसरीवर इतक्या सहजपणे जातो, की परिणामाची जागा शिक्षेने घेतल्याचे वाचकाच्या ध्यानात येत नाही. अरण्योपचाराच्या तत्त्वज्ञानात हीच पायरी रोज ओलांडली जाते. रात्री थंडी पडणे हा निसर्गाचा परिणाम होय. मुलाच्या हातून पिशवी काढून घेणे हा परिणाम नव्हे, कृती होय. वाळवंटात पाणी दुर्मिळ असणे नैसर्गिक. किती पाणी, केव्हा, कोणाला, हे ठरवणारा हात मनुष्याचा. निसर्गाचे नाव पुढे केल्याने त्या हाताची जबाबदारी मात्र दिसेनाशी होते.

स्पेन्सरच्या बाबतीत तर गोष्ट आणखी स्पष्ट आहे. उघडा वस्तरा घेऊन खेळणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला परिणामांच्या शिस्तीने शिकू देता येणार नाही, असे त्याने स्वतःच बजावले आहे. जेथे गंभीर शारीरिक इजेचा संभव आहे तेथे हे तत्त्व थांबते, ही त्याच्या सिद्धान्ताची मर्यादा होती. अरण्योपचाराने सिद्धान्त घेतला आणि मर्यादा सोडली. किंबहुना, जेथे परिणाम सर्वांत कठोर असतात असे स्थळ शोधून मुलाला तेथे नेणे हे त्याने पद्धतीचे वैशिष्ट्य केले.

रान निवडण्याचे दुसरे कारण पुरस्कर्ते कमी स्पष्टपणे सांगतात. रानातून निघून जाता येत नाही, आणि तेथे तिऱ्हाईत माणूस येत नाही. शाळेला शेजार असतो, रुग्णालयात दुसरे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, रात्रपाळीची परिचारिका असते. रानात मुलगा, त्याचे सोबती आणि कर्मचारी यांखेरीज कोणी नसते. मोह दूर राहावेत म्हणून जे अंतर ठेवले जाते, त्याच अंतराने साक्षीदारही दूर राहतात. त्यात पत्रव्यवहार संस्थेच्या हातातून जातो. मुलगा घरी नेण्याची विनवणी करील, छळ होतो असे लिहील, तर ती त्याची नेहमीची चाल समजावी, अशी सूचना पालकांना आधीच मिळते, असे पालकांच्या व माजी सहभागींच्या निवेदनांत वारंवार येते. अशा सूचनेनंतर पत्र पोहोचले काय आणि न पोहोचले काय, सारखेच.

वैद्यकात तक्रार हे निदानाचे पहिले साधन असते. रुग्ण काय सांगतो यापासून वैद्य सुरुवात करतो. तो अतिशयोक्ती करीत असेल, तरी तपासल्यावाचून तसे ठरवीत नाही. येथे तक्रारच रोगाचे लक्षण ठरवलेली असते. मुलगा दुखते म्हणाला, तर तो काम टाळतो. दुखत नाही म्हणाला, तर तो सुधारतो आहे. ज्या उपपत्तीत कोणतेही उत्तर उपपत्तीच्याच बाजूने मोजले जाते, तिला आपली चूक कळण्याचा मार्ग राहत नाही. १९९४ सालच्या मृत्यूत दुष्ट माणसे होती की अज्ञ, याचा निर्णय न्यायालयाने केला. परंतु सज्जन आणि सुशिक्षित माणसेही या उपपत्तीनुसार वागली, तर तीच चूक करतील, हे तिच्या रचनेवरूनच सांगता येते.

५

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्हींचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप परिणामकारकतेचा. अरण्योपचाराने मुले सुधारतात असे संशोधन दाखवते, असे म्हटले जाते. कीथ रसेल यांनी २००३ साली ८०० हून अधिक किशोरांच्या वर्तनविषयक प्रश्नावल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाखल होताना व बाहेर पडताना आलेल्या गुणांकांत लक्षणीय सुधारणा दिसली. २०१६ साली बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ अभ्यासांचे, २,३९९ सहभागींचे, एकत्रित विश्लेषण केले. त्यातही मध्यम प्रतीचा अनुकूल परिणाम आढळला. हे निष्कर्ष खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या अर्थाचा आहे. या क्षेत्रातील बहुतांश अभ्यास आधी आणि नंतर अशी तुलना करतात, उपचार न मिळालेल्या गटाशी नव्हे. पालक मुलाला अशा ठिकाणी पाठवतात ते संकट शिगेला पोहोचल्यावर; शिगेनंतर ओहोटी बहुधा येतेच, उपचार असो वा नसो. शिवाय आपली सुटका प्रगतीवर अवलंबून आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने संस्थेच्या हाती भरून दिलेली प्रश्नावली ही स्वतंत्र साक्ष मानता येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या अभ्यासात तुलनेचा गट होता, आणि पुढील कित्येक दशके तोच दंडक सर्रास पाळला गेला नाही, ही गोष्ट या संशोधनपरंपरेला भूषणावह नाही.

सुधारणा खरी आहे असे मानले, तरी प्रश्न संपत नाही. २०१५ सालच्या एका अभ्यासात, भाड्याच्या माणसांकरवी आणलेल्या मुलांच्या गुणांकांतही सुधारणा आढळली, आणि त्यावरून अशा आणण्याने उपचारास बाध येत नाही असे सुचवले गेले. येथे दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. मध्यरात्री दोन अनोळखी माणसे खोलीत येतात, आईवडील दारात उभे राहून पाहतात, आणि मुलाला मोटारीत घालून नेले जाते. हे कृत्य योग्य की अयोग्य हे तीन महिन्यांनंतरच्या गुणांकाने ठरत नाही. बळाने दिलेल्या औषधानेही ताप उतरतो. ताप उतरला यावरून बळ वापरण्याचा अधिकार सिद्ध होत नाही; त्यासाठी वेगळे समर्थन लागते, आणि ते प्रत्येक मुलाच्या बाबतीत वेगळे द्यावे लागते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. अरण्योपचारातील दुखापतींचे प्रमाण शालेय फुटबॉलमधील दुखापतींपेक्षा कमी आहे, असा दावा या क्षेत्रातील संस्था करतात. तो खरा धरून चालू. फुटबॉल खेळणारा मुलगा दुखले म्हणजे मैदानाबाहेर जाऊन बसतो. संध्याकाळी घरी जातो. प्रशिक्षक क्रूर असेल तर आईला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी खेळावयास जात नाही. हे तीनही मार्ग बंद असलेल्या जागेची तुलना मैदानाशी करता येत नाही. तिची तुलना बंदिवासाशी करावयास हवी; आणि जेथे माणसाला कोंडले जाते तेथे कोंडणाऱ्यावर अधिक दक्षतेची जबाबदारी येते, हा कायद्याचा व नीतीचा सर्वमान्य नियम आहे. शिवाय दुखापतींची नोंद कोण करतो, हाही प्रश्न आहेच. जेथे तक्रार हे लक्षण मानले जाते, तेथील नोंदवहीत तक्रारी कमी असणे स्वाभाविक आहे.

पालकांच्या बाजूचाही येथे विचार केला पाहिजे. ज्याच्या मुलाने आत्महत्येचा प्रयत्न केला आहे, जो व्यसनात बुडाला आहे, ज्याला गावातील एकही मानसोपचारतज्ज्ञ वेळ देऊ शकत नाही, असा बाप रात्री दोन वाजता ज्या संस्थेचा दूरध्वनी उचलला जातो तिला हवे तितके पैसे देतो. त्याला निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या आयुष्याची वाट रानात सापडली असे मनापासून सांगणारी प्रौढ माणसेही आहेत, आणि त्यांची साक्षही खरी आहे. परंतु पालकाची हतबलता हे संस्थेला मिळालेले अधिकारपत्र नव्हे. जो हतबल आहे त्याची चौकशी करण्याची शक्ती कमी झालेली असते. म्हणून त्याच्या वतीने चौकशी करणारा दुसरा कोणी असावा लागतो.

६

असा दुसरा कोणी अमेरिकी कायद्यात आहे काय? येथे एक विलक्षण विसंगती आढळते. १९६७ सालच्या गॉल्ट खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलालाही आरोप कळण्याचा, वकील मिळण्याचा आणि साक्षीदारांची उलटतपासणी करण्याचा हक्क आहे. १९७९ सालच्या पारहॅम खटल्यात, पालक मुलाला सरकारी मनोरुग्णालयात दाखल करू इच्छीत असतील तर तेथे न्यायालयीन सुनावणीची आवश्यकता नाही, मात्र तटस्थ वैद्यकीय तज्ज्ञाने स्वतंत्र तपासणी करावी, असा निर्णय झाला. खाजगी अरण्योपचार या दोन्हींच्या पलीकडे राहिला. तेथे न्यायाधीश नाही, आणि तटस्थ वैद्यही नाही. दाखल करून घेण्यात ज्याचा आर्थिक लाभ आहे तोच मुलगा योग्य की अयोग्य हे ठरवतो. परिणामी, चोरी केलेल्या मुलाला जे संरक्षण आहे ते केवळ आईवडिलांशी भांडणाऱ्या मुलाला नाही. पालक एका राज्यात, मुलगा दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती नेहमीची असल्याने देखरेख करणाऱ्यांचे हात आणखी आखूड होतात.

कायदे झाले, पण सावकाश. या संस्थांवर किमान राष्ट्रीय निर्बंध घालणारे विधेयक २००८ साली प्रतिनिधिगृहात संमत झाले, सिनेटमध्ये नाही. २०२१ साली यूटाने निवासी संस्थांची वर्षातून चार वेळा तपासणी आणि मुलाला कुटुंबाशी दर आठवड्याला खाजगीपणे बोलण्याची मुभा यांची तरतूद केली; त्याच वर्षी ऑरेगन राज्याने मुलांना बळाने नेणाऱ्या व्यवसायावर नियम घातले. यूटाच्या कायद्यामागे पॅरिस हिल्टन यांनी विधिमंडळासमोर दिलेली साक्ष होती. किशोरवयात ज्यांचे कोणी ऐकले नाही त्यांच्यापैकी एकीला प्रौढपणी मिळालेल्या प्रसिद्धीमुळे ऐकून घेतले गेले, हे जितके समाधानाचे तितकेच विचार करावयास लावणारे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर ‘स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज’ कायदा झाला. त्याने राष्ट्रीय विज्ञान संस्थांकडे अशा संस्थांच्या दीर्घ अभ्यासाचे काम सोपवले आहे. तो अभ्यासाचा कायदा आहे; मुलाच्या हाती त्याने थेट हक्क दिलेला नाही. बालहक्कांच्या १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेने सही केली, परंतु त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. स्वतःशी संबंधित निर्णयांत मुलाचे म्हणणे ऐकले जावे, हे त्या कराराचे एक मुख्य कलम आहे.

अशी व्यवस्था अव्यवहार्य नाही, हे दाखवण्यास आपल्याकडील एक उदाहरण पुरे आहे. भारताच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अल्पवयीनाला रुग्णालयात दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याची स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, ७२ तासांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते, आणि मंडळाला त्या मुलाची भेट घेण्याचा अधिकार आहे. कायदा असणे आणि तो अमलात येणे या भिन्न गोष्टी आहेत, याची जाणीव ठेवूनही असे म्हणता येईल, की पालकांची इच्छा आणि मुलाचे हित यांमध्ये तिसऱ्या माणसाची नजर असावी, हे तत्त्व येथे मान्य झालेले आहे.

७

या विवेचनावरून रानाविषयी प्रतिकूल मत करून घेणे चुकीचे होईल. नॉर्वेतील क्रिस्तियानसान येथील सार्वजनिक रुग्णालयाच्या किशोर मानसोपचार विभागाने रानातील सहवासाचा उपचारात समावेश केलेला आहे. तेथे किशोर स्वेच्छेने येतात, काही दिवसांच्या सहलींखेरीज आपल्या घरीच राहतात, आणि रुग्णालयाच्या नेहमीच्या व्यवस्थेत त्यांच्यावर देखरेख असते. डोंगर तेच, थंडी तीच, ओझेही तेच. फरक इतकाच, की तेथे मुलगा ‘मला जावयाचे नाही’ असे म्हणू शकतो आणि त्याचा तो नकार लक्षण म्हणून नोंदला जात नाही. यावरून उपचारक गुण रानात असू शकतो, तो बंदिवासात असावाच लागत नाही, असे दिसते.

आपल्या परंपरेत रानात जाण्याला दोन शब्द आहेत. तपाला मनुष्य आपण होऊन जातो. वनवास दुसऱ्याने दिलेला असतो. दोहोंत कष्ट सारखेच असतील, परंतु तपाचे जे फळ म्हणून सांगितले जाते ते कष्टांचे नव्हे, संकल्पाचे फळ होय. अरण्योपचार मुलाला वनवास देतो आणि त्याच्याकडून तपाच्या फळाची अपेक्षा करतो. ही अपेक्षा पुरी झाली नाही तर दोष मुलाच्या माथी येतो.

म्हणून अशा कोणत्याही कार्यक्रमाची परीक्षा करताना प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि यशाचे आकडे यांच्या आधी तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. मुलगा संस्थेबाहेरच्या एखाद्या माणसाशी, संस्थेच्या परवानगीवाचून, बोलू शकतो काय? त्याने दुखते म्हटले, तर ते खोटे असल्याचा निर्णय घेण्याआधी त्याला वैद्याने तपासलेच पाहिजे, असा नियम आहे काय? आणि ज्याला त्याच्या राहण्यापासून लाभ नाही अशा कोणी त्याच्या राहण्याची गरज तपासली आहे काय? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर रानात धोके राहतीलच, परंतु ते रानाचे असतील. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर त्या कार्यक्रमात मुलगा सुरक्षित आहे असे म्हणण्यास आधार नाही. तो आजवर वाचला, एवढेच म्हणता येईल.

आरंभी म्हटल्याप्रमाणे ‘ट्रबल्ड’ या शब्दाचे मराठी करताना निवड करावी लागते. १९९४ साली यूटाच्या वाळवंटात चालणाऱ्या त्या मुलाच्या बाबतीत त्याच्या सोबतच्या माणसांनी ती निवड केली होती. तो त्रास देतो आहे, असे त्यांनी ठरवले. तो त्रासलेला होता, हे शवचिकित्सेत कळले.